बिघडल्यावर काय? संगणक घेण्याआधीचा प्रश्न

संगणकाच्या दुकानात बोलणं सुरू होतं ते प्रोसेसरपासून. आय-फाइव्ह की आय-सेव्हन, रॅम ८ जीबी की १६, एसएसडी केवढी, आणि मग किंमत. हे यंत्र बिघडलं तर आपल्या गावात ते उघडणारं कोणी आहे का, त्यातला कोणता भाग सुटा मिळतो, दुरुस्तीला किती दिवस लागतील, हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं. खरेदी याच प्रश्नांपासून सुरू व्हावी, असं माझं ठाम मत आहे. सेतू केंद्रावर दाखल्यांसाठी रांग लागलेली असताना किंवा जीएसटीचं विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी संगणक बंद पडला, तर प्रोसेसर किती वेगवान होता याला काही अर्थ उरत नाही.

‘चांगल्या कंपनीचा घ्या, बिघडत नाही’ हा सल्ला सगळेच देतात. तीन नामवंत कंपन्यांचे तीन गाजलेले दोष पाहिले तर तो किती अपुरा आहे ते कळतं.

पहिला दोष टेबलावरच्या संगणकाचा. डेलचे ऑप्टिप्लेक्स जीएक्स२७० आणि जीएक्स२८० हे खास कार्यालयांसाठी बनवलेले डेस्कटॉप. त्यांच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून गळू लागले, आणि २००५ साली दुरुस्त्यांपोटी कंपनीने तब्बल ३० कोटी डॉलर बाजूला काढले. कपॅसिटर म्हणजे ॲल्युमिनियमची बोटाच्या पेराएवढी डबी. आत रसायनाने भिजलेला कागद असतो आणि वीजपुरवठ्यातले चढउतार ती सपाट करते. त्या काळात अनेक कंपन्यांच्या बोर्डांवर आलेल्या कपॅसिटरमध्ये ते रसायनच सदोष होतं. पण निर्दोष कपॅसिटरही उष्णतेने हळूहळू सुकतो. अभियंते एक ढोबळ नियम वापरतात: तापमान १० अंशांनी उतरलं की कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट होतं. डबीवर ‘१०५ अंश, २,००० तास’ असं छापलेलं असेल, तर ७५ अंशांना ते १६,००० तास होतात आणि ६५ अंशांना ३२,०००. रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस असा वापर धरला, तर पहिल्या स्थितीत साडेसहा वर्षं आणि दुसऱ्या स्थितीत तेरा. कॅबिनेटमधली धूळ दर दिवाळीला झटकावी असं जाणकार सांगतात, त्यामागे हे गणित आहे.

दुसरा दोष लॅपटॉपचा. एनव्हिडियाच्या काही ग्राफिक्स चिप लॅपटॉपमध्ये अकाली मरू लागल्या आणि जुलै २००८ मध्ये कंपनीने त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. चिप आणि तिच्या खालची पट्टी सोल्डरच्या सूक्ष्म ठिपक्यांनी जोडलेली असते. संगणक तापतो, थंड होतो, पुन्हा तापतो. दर वेळी दोन्ही थर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि ठिपक्यांना तडे जातात. तिसरा दोष ॲपलचा. २०१५ पासूनच्या मॅकबुकांमध्ये आलेला अतिपातळ ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड धुळीच्या कणानेही अडायचा. अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात २०२२ साली ॲपलने ५ कोटी डॉलरवर तडजोड केली.

दोष तिघांकडेही होते. फरक पडला तो दुरुस्तीत. डेलच्या यंत्रात मदरबोर्ड बदलला की जुनीच डिस्क, जुनीच रॅम घेऊन संगणक पुन्हा कामाला लागायचा. लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप मुख्य बोर्डालाच सोल्डर केलेली, त्यामुळे एका चिपसाठी अख्खा बोर्ड. आणि मॅकबुकमध्ये एक बटण अडलं, तरी अनेक मॉडेलांत कीबोर्डासकट वरचं सगळं झाकण आणि त्याला चिकटवलेली बॅटरीसुद्धा बदलावी लागायची. कोणता संगणक कधीच बिघडणार नाही हे आधी सांगता येत नाही. बिघडला तर किती भाग फेकावा लागेल हे मात्र दुकानात उभं राहूनही कळू शकतं.

डेस्कटॉपला हा सुटेपणा मिळाला त्याला इतिहास आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला तेव्हा वेळ वाचवण्यासाठी बाजारात मिळणारेच भाग वापरले, आणि त्याच्या सर्किटचे नकाशे तांत्रिक पुस्तिकेत छापून टाकले. कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी त्याबरहुकूम चालणारी यंत्रं बनवली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिलं: मदरबोर्डचे स्क्रू कुठे येणार, एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा केवढा असणार. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर कोणत्याही दुकानातून घेतलेला एसएमपीएस कोणत्याही असेंबल्ड पीसीत बसतो तो या मापामुळे. लॅपटॉपसाठी असं सर्वमान्य माप कधीच ठरलं नाही. त्याचा बोर्ड, पंखा, बॅटरी, कीबोर्ड प्रत्येक मॉडेलचे वेगळे, आणि मॉडेल बंद होऊन चार वर्षं झाली की सुटे भाग शोधत फिरावं लागतं.

लॅपटॉपला डेस्कटॉपपेक्षा बिघडायला जागाही जास्त आहेत. बिजागरी, चार्जिंगची पिन, स्क्रीनकडे जाणारी केबल, कीबोर्ड, बॅटरी. यातलं बहुतेक काही डेस्कटॉपमध्ये नसतंच. कीबोर्ड असतो, पण तो काही शे रुपयांत नवा येतो. २००९ साली स्क्वेअरट्रेड या वॉरंटी विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने तीस हजार लॅपटॉपांच्या नोंदी तपासल्या. तीन वर्षांत जवळपास एकतृतीयांश लॅपटॉप नादुरुस्त झाल्याचं दिसलं. त्यात सुमारे २० टक्के यंत्रातल्या बिघाडाने आणि सुमारे ११ टक्के पडझड, चहा-पाणी सांडणं अशा अपघातांनी. आकडे जुने आहेत, तेव्हाच्या फिरत्या हार्ड डिस्कची जागा आता एसएसडीने घेतली आहे. पण पडणं आणि सांडणं कमी होण्याचं काही कारण नाही.

स्वस्त लॅपटॉपात सगळ्यात आधी जाते ती बिजागरी. तिचे स्क्रू प्लास्टिकच्या खुंट्यांत बसवलेल्या पितळी नटांना धरून असतात. बिजागरी वर्षा-दोन वर्षांत कडक होत जाते, झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असते, आणि एक दिवस नट प्लास्टिकसकट उपटून येतात. दुकानात लॅपटॉप पाहताना झाकण मधोमध धरून सावकाश उघडा, मग एका कोपऱ्याने उघडून पाहा. स्क्रीन पिळवटली जात असेल तर ते मॉडेल घेऊ नये, मग आत प्रोसेसर कोणताही असो.

बॅटरी हा झिजणाराच भाग. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास उतरते. दिवसभर चार्जर लावून ठेवलेला लॅपटॉप टेबलावरून हलत नसला तरी त्याची बॅटरी गरम आणि पूर्ण भरलेली राहून म्हातारी होते. बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपात चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. ती पहिल्याच दिवशी चालू करावी. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली असं समजून वापर तिथेच थांबवावा.

म्हणून माझा पहिला सल्ला सरळ आहे: जे काम टेबलावरच व्हायचं आहे त्यासाठी लॅपटॉप घेऊ नये. कॉलेज, वसतिगृह, साइट, गिऱ्हाइकाचं ऑफिस अशी ये-जा असेल तर लॅपटॉपला पर्याय नाही, आणि मग त्याच्या नाजूकपणाची किंमत मोजणं योग्यच आहे. पण घरातल्या एकाच कोपऱ्यात पाच वर्षं राहणाऱ्या यंत्राला बिजागरी आणि बॅटरी कशाला?

पैशांचा हिशेब बिलावरच्या आकड्याने न करता वापराच्या एका वर्षाला किती पडले असा करावा. पुढचे आकडे मी गृहीत धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा लॅपटॉप ५०,०००ला घेतला, मध्ये एकदा ५,०००ची बॅटरी बदलली आणि तो पाच वर्षं चालला, तर वर्षाला ११,००० पडले. डेस्कटॉप मॉनिटर आणि यूपीएससह ४५,०००ला आला, पुढे रॅम, एसएसडी आणि यूपीएसच्या बॅटऱ्या यांवर आणखी ८,००० गेले आणि तो आठ वर्षं चालला, तर वर्षाला सुमारे ६,६००. आता वीज. मॉनिटरसह सरासरी ८० वॅट, रोज आठ तास, तीनशे दिवस म्हणजे १९२ युनिट. २५ वॅटच्या लॅपटॉपला ६० युनिट. युनिट १० रुपये धरलं तर डेस्कटॉपचं बिल वर्षाला १,९२० आणि लॅपटॉपचं ६००. म्हणजे डेस्कटॉपच्या बचतीतला चांगला मोठा वाटा वीज खाते. तरीही वर्षाला तीन हजारांच्या आसपास फरक उरतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं की मात्र हा हिशेब कोलमडतो.

डेस्कटॉप घ्यायचं ठरलं की असेंबल्ड की ब्रँडेड हा वाद येतो. असेंबल्डमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी आणि बऱ्याचदा लांब, प्रोसेसर आणि मदरबोर्डला तीन-तीन वर्षं मिळतात. मात्र बिघाड कोणत्या भागात आहे हे आधी कोणीतरी शोधावं लागतं आणि तो भाग त्या-त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पोचवावा लागतो. त्यामुळे असेंबल्ड पीसी घेताना खरी निवड दुकानदाराची करायची असते. दुकानदार काटकसर करतो ती एसएमपीएसमध्ये, कारण त्याबद्दल कोणी विचारत नाही. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा ‘४५० वॅट’चा डबा घेऊ नये, ‘८० प्लस’चं प्रमाणपत्र असलेला, नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस वेगळे पैसे देऊन घ्यावा आणि बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून मागावा.

ब्रँडेड डेस्कटॉपला घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी मिळते, आणि पुण्या-मुंबईपासून दूर असणाऱ्याला तिचं मोल फार आहे. पण आपल्या पिनकोडला ती सेवा खरोखर आहे का, हे पैसे देण्याआधी कंपनीला फोन करून विचारावं. या यंत्रांची दुसरी अडचण वॉरंटी संपल्यावर कळते: अनेक ब्रँडेड डेस्कटॉपांतले एसएमपीएस आणि मदरबोर्ड एटीएक्स मापाचे नसतात, त्यामुळे बाजारातला भाग त्यांत बसत नाही. ऑल-इन-वन म्हणजे मॉनिटरच्या पाठीतच बसवलेला संगणक. दिसायला सुटसुटीत, पण आत लॅपटॉपसारखे भाग आणि उचलून नेता येत नाही. स्क्रीन गेली तरी संगणक बंद, बोर्ड गेला तरी स्क्रीन निरुपयोगी. मी तो कोणालाही सुचवत नाही.

लहान कार्यालयासाठी आणि घरासाठी मला सगळ्यात पटलेला पर्याय जाहिरातीत दिसत नाही. मोठ्या कंपन्या आपले संगणक बऱ्याचदा भाड्याने घेतात आणि तीन-चार वर्षांनी ते परत जातात. तो माल दिल्लीच्या नेहरू प्लेसला, लॅमिंग्टन रोडला आणि तिथून जिल्ह्याच्या गावांतल्या दुकानांत येतो. त्यात जाडजूड पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप असतात: लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी. बहुतेकांत ३५ वॅटचा प्रोसेसर, लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर, पण रॅम आणि एसएसडी सुट्या. झाकण एका स्क्रूवर उघडतं. समजा यंत्र २०,०००, मॉनिटर, यूपीएस आणि नवी एसएसडी मिळून १३,०००, पुढे यूपीएसची एक बॅटरी १,५००, आणि पाच वर्षं वापर. तर वर्षाला ६,९००. मॉनिटर धरून ४० वॅट, म्हणजे वीज ९६० रुपयांची. विकत घेण्याचा आणि चालवण्याचा खर्च मिळून आठ हजारांच्या आत.

याच वाटेने थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक हे कार्यालयीन लॅपटॉपही येतात. कंपन्यांना हजारो लॅपटॉप सांभाळायचे असतात, म्हणून ही यंत्रं उघडता यावीत अशी बांधलेली असतात आणि ती कशी खोलायची याच्या सचित्र पुस्तिका कंपन्या स्वतः खुल्या ठेवतात. ४०,०००च्या नव्या घरगुती लॅपटॉपपेक्षा तेवढ्याच किमतीचा तीन वर्षं जुना कार्यालयीन लॅपटॉप मी निवडेन. अलीकडच्या पातळ मॉडेलांत मात्र रॅम सोल्डर केलेली असू शकते, ते पाहून घ्यावं.

जुना माल घेताना फसवणूक होते ती नावात. ‘आय-सेव्हन, फक्त बारा हजार’ अशी पाटी दिसते आणि आत २०१३ सालची चौथी पिढी असते. २०२२ मध्ये आलेला बाराव्या पिढीचा आय-थ्री तिच्या कितीतरी पुढे आहे. शिवाय विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यापेक्षा जुन्या यंत्रावर तडजोडी करून विंडोज ११ बसवून देणारे आहेत, पण सुरक्षेचे बदल पुढे येतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अशा यंत्रावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू उत्तम चालतं, मराठी युनिकोड टायपिंगही होतं. अभ्यास, इंटरनेट, पत्रव्यवहार यांना ते पुरेसं आहे. टॅली, श्रीलिपी, सेतू केंद्रातलं बोटांच्या ठशांचं यंत्र असं काही लागणार असेल, तर विंडोज हवंच.

दुकानातच तपासायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या सोडू नयेत. यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी दिसणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरता येतं का पाहावं. जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला असेल तर ते यंत्र घ्यायचंच नाही. लॅपटॉप असेल तर विंडोजमधूनच बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. डिस्क किती तास चालली आहे तेही मोफत प्रोग्रॅम सांगतात, पण मी म्हणेन की जुनी एसएसडी काढून नवीच बसवून घ्यावी. मग अर्धा तास यंत्रावर व्हिडिओ चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐकावा.

ॲपलकडे एक चांगला टेबलावरचा संगणक आहे. एम४ चिपचा मॅक मिनी २०२४च्या नोव्हेंबरात भारतात ५९,९००ला आला, १६ जीबी रॅमसह. वीज अगदी थोडी खातो, शांत चालतो. रॅम नंतर वाढवता येत नाही, दुरुस्तीला मोठ्या शहरात जावं लागतं. व्हिडिओ किंवा संगीताचं काम असेल तर विचार करावा. जुने, इंटेलचे मॅक आता घेऊ नयेत, कारण २०२५ची मॅकओएस टाहो ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती आहे. क्रोमबुक शाळकरी मुलांसाठी बरं. २०२१ पासूनच्या मॉडेलांना गूगल दहा वर्षं अपडेट देतं.

आता ज्यामुळे सगळ्या प्रकारांचे संगणक मरतात त्या गोष्टीकडे येतो: वीज. अर्थिंग नसलेल्या जोडणीवर डेस्कटॉपच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब येतो. करंट अगदी किरकोळ असतो, पण यूएसबीची केबल लावता-काढताना तो पोर्टमधून वाट काढू शकतो. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नसावा. संगणक घेण्याआधी हे काम करावं.

डेस्कटॉपला यूपीएस हवाच. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासांची बॅटरी असते. ती काम सेव्ह करून संगणक नीट बंद करायला पुरते, कामाला पुरत नाही. दोन-तीन वर्षांत ती बदलावी लागते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’कडे आहे का पाहावं. त्या स्थितीत तो वीज गेल्यावर पटकन बदल करतो आणि दाब साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेर गेला की स्वतःच बॅटरीवर येतो. जिथे वीज रोज तासन् तास जाते आणि इन्व्हर्टर नाही, तिथे मी माझा पहिला सल्ला मागे घेतो: तिथे लॅपटॉपच घ्यावा, कारण त्याची बॅटरी हाच सगळ्यात स्वस्त यूपीएस ठरतो.

कोकणात आणि गोव्यात दमट, खारट हवेची भर पडते. पावसाळ्यात संगणक चालू होईना, नुसती बीप वाजू लागली, की तिथला कारागीर रॅम काढून तिचे पिवळे संपर्क खोडरबराने घासतो आणि पुष्कळदा यंत्र सुरू होतं. संपर्कांवर चढलेला थर निघतो, इतकंच. सोल्डर केलेल्या रॅमला हा त्रास होत नाही, पण ती निकामी झाली तर बोर्डच जातो. पावसाळ्यात यंत्र महिनोन् महिने बंद ठेवू नये. रोज तासभर चालवलं तर आतल्या उबेने ओल टिकत नाही.

आणि खरेदीच्या रकमेत डेटाचे पैसे पहिल्यापासून धरावेत. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या लाखो हार्ड डिस्कचे आकडे जाहीर करते. त्यांच्याकडे वर्षाला शंभरातल्या एक ते दोन डिस्क बंद पडतात, त्याही वातानुकूलित खोलीत. फिरती डिस्क जाण्याआधी बऱ्याचदा खडखडते, एसएसडी काही न बोलता एका सकाळी दिसेनाशी होते आणि तिच्यातलं परत मिळवणं महाग आणि अनेकदा अशक्य असतं. १ टीबीची बाहेरची डिस्क संगणकाच्या बिलातच घ्यावी, दर शनिवारी कामाच्या फाइली तिच्यावर उतरवाव्यात आणि ती केबल काढून दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवावी, म्हणजे व्हायरस किंवा विजेचा झटका दोन्ही डिस्कना एकदम गाठणार नाही.